ऊन पडलंय म्हणूनच नको

"ऊन पडलंय म्हणूनच नको." विमान शिकवणाऱ्या इन्स्ट्रक्टरबाई एवढंच म्हणाल्या आणि सेसना या छोट्या विमानाची चावी परत खुंटीला लावली.

मिनेसोटातली दुपार, आकाश स्वच्छ. सकाळच्या रिपोर्टमध्ये रनवेच्या तीन भागांवर ब्रेक कितपत लागतील त्याचे आकडे होते: ५, ५, १. कोरड्या रनवेला ६, बर्फाच्या काचेला १. पण त्या काचेवर ऊन पडून पाण्याचा पातळ थर आला, की आकडा ० होतो. म्हणजे ब्रेक जवळजवळ नाहीच. थंडीपेक्षा ऊन वाईट, हे नाशिकच्या माणसाच्या डोक्यात सहज शिरत नाही.

हलकं विमान अशा वेळी नुसतं घसरत नाही. वेग उतरला की रडरचा, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूचा, जोर जातो, चाकांना पकड नसते, आणि बाजूचा वारा ते कडेला ढकलतो. तिथे बर्फ हटवणाऱ्या गाडीने सारलेल्या बर्फाचा बांध असतो. त्यात पुढचं चाक अडकलं की विमान नाकावर जातं.

२००५ च्या डिसेंबरात शिकागोच्या मिडवे विमानतळावर मोठं बोइंग बर्फाळ रनवेवरून थेट रस्त्यावर गेलं. गाडीतला सहा वर्षांचा मुलगा गेला. हे आकडे त्यानंतरच्या कामातून आले, २०१६ पासून अमेरिकेत लागू आहेत. एवढी किंमत मोजून मिळालेला आकडा दुपारपर्यंत शिळा होतो, हे मला दिवसभर टोचतंय.

लहान धावपट्ट्यांवर तर अनेकदा मोजणारंच कुणी नसतं. आधी उतरलेल्या पायलटने रेडिओवर सांगितलं तेवढंच.

इथे उडणाऱ्या मराठी मंडळींनो, उतरल्यावर तुम्ही ब्रेक कसे लागले ते सांगता ना?