आमची वाटचाल : भिंतीवरचा टीव्ही

आम्ही दुकानांच्या, क्लासेसच्या ऑनलाइन जाहिराती चालवतो. आमच्या ऑफिसात भिंतीवर 43 इंची टीव्ही होता. 2019 मध्ये पहिला मोठा ग्राहक मिळाला, त्या आनंदात घेतलेला. त्यावर दिवसभर सगळ्या ग्राहकांच्या जाहिरातींचे आकडे दिसायचे. खर्च किती, लीड (म्हणजे जाहिरात बघून चौकशी करणारी माणसं) किती, एका लीडला किती रुपये पडले, सगळं. ठरवलेल्यापेक्षा महाग पडलं की आकडा लाल. आल्यागेल्याला मी तो टीव्ही कौतुकाने दाखवायचो. सात माणसं त्या लाल आकड्यांसमोर पाठ ताठ करून बसतात, हे मला बरीच वर्षं दिसलं नाही.

सुरुवात साधी होती. 2018 साली नाशिकला गंगापूर रोडवर दोन खोल्या, मी, माझी बायको आणि नुकताच बी.कॉम. झालेला एक मुलगा. ग्राहक म्हणजे क्लासेस, दातांचे डॉक्टर, एक-दोन बिल्डर आणि येवल्याचं एक पैठणीचं दुकान. लॉकडाऊनमध्ये दुकानं बंद झाली तसे सगळेच ऑनलाइनकडे वळले, आमचं काम वाढलं, माणसं वाढली. त्याबरोबर फोनही वाढले. सकाळी नऊच्या आत पहिला फोन ठरलेला : "भाऊ, काल काहीच नाही आलं. काहीतरी बदला ना."

आणि आम्ही बदलायचो. फोटो बदल, बजेट वाढव, वय-गाव बदल. या धंद्यातली सगळ्यात महागडी चूक हीच, असं मी आज ठामपणे सांगतो. फेसबुक-इन्स्टाग्रामची जाहिरात सुरुवातीला शिकत असते. कुणाला दाखवली की फोन येतो, हे तिला हळूहळू कळतं. त्यासाठी एका ॲड सेटला, म्हणजे जाहिरातींच्या एका गटाला, आठवड्यात साधारण 50 कन्व्हर्जन (चौकशी किंवा खरेदी) लागतात. मध्येच मोठा बदल केला की शिकणं पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे सोमवारच्या फोनमुळे बदल, बदलामुळे मंगळवारी लीड आणखी महाग, म्हणून बुधवारी पुन्हा फोन. दडपणाखाली केलेलं कामच पुढचं दडपण तयार करत होतं आणि आम्ही त्याला सेवा म्हणत होतो.

4 ऑक्टोबर 2021 ची रात्र मला लख्ख आठवते. पितृपक्ष संपत आलेला, तीन दिवसांवर घटस्थापना, सगळ्यांच्या नवरात्राच्या जाहिराती तयार. नऊ वाजून गेल्यावर फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप सगळं जगभर बंद पडलं, ते थेट पहाटेपर्यंत. पहिला अर्धा तास मी वायफाय बंद-चालू करत बसलो. नंतर कळलं की करण्यासारखं काहीच नाही. ग्राहकाला मेसेजही करता येत नव्हता. त्या रात्री मी मुलीशेजारी बसून पूर्ण जेवलो. "बाबा, आज फोन नाही?" असं तिने विचारलं. मी तीन वाजता उठलोही नाही. एरवी रोज उठायचो, बजेट बघायला.

एवढं कळूनही मी काही बदललं नाही, याची खंत आहे. त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली. 2022 च्या दिवाळीनंतर आमच्यातली सगळ्यात हुशार मुलगी राजीनामा घेऊन आली. पगार वाढवतो म्हटलं. ती म्हणाली, "सर, पगाराचं नाही. मला जेवताना पण ते लाल आकडे दिसतात. वाईट दिवस आला की वाटतं मीच वाईट आहे." ती गेली. त्याच संध्याकाळी मी टीव्ही उतरवला.

टीव्ही उतरवला म्हणून दडपण उतरत नाही. पण मुळाशी काय आहे ते बघायला सुरुवात झाली, आणि ते सापडलं येवल्यात. त्या दुकानाचे आकडे नेहमी लाल. मी जाऊन काऊंटरवर दोन दिवस बसलो. हातमागावरची पैठणी म्हणजे पाच आकडी किंमत. मुलगी इन्स्टाग्रामवर साडी बघते, आईला दाखवते, मावशीला पाठवते, मग व्हिडिओ कॉलवर पदर बघतात, आणि तुळशीचं लग्न झालं की सगळे गाडी करून येवल्याला येतात. यात तीन आठवडे सहज जातात. आमचा रिपोर्ट मात्र क्लिक केल्यापासून सात दिवसांतलंच धरत होता, कारण 2021 पासून फेसबुककडूनच तीच मुदत ठरून आलेली. शिवाय दुकानात रोख दिलेले पैसे त्यात दिसणार कसे?

दुकानाच्या मालकांना, म्हणजे काकांना, मी एक साधी वही दिली. येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, "आमच्याबद्दल कुठून कळलं?" आणि लिहून ठेवायचं. दोन महिन्यांत 61 खरेद्या झाल्या, त्यातल्या 23 जणांनी मोबाइलवर बघितलं म्हणून सांगितलं. आमच्या रिपोर्टात होत्या 6. ज्या कामासाठी आमची मुलं रात्र-रात्र स्वतःला दोष देत होती, ते काम नीट चाललं होतं.

त्यानंतर करारच नव्याने लिहिला. किती लोकांपर्यंत पोचलो, चौकशीला किती वेळात उत्तर गेलं, लीड महाग झाली तर का, हे आम्ही सांगणार. विक्री किती होईल याची हमी देणार नाही, कारण फोन दुकानदार उचलतो, आम्ही नाही. रिपोर्ट दर शुक्रवारी. चालू जाहिरातीला सात दिवस हात नाही, चूक सापडली तरच. पितृपक्षात खरेदी मंदावते, तेव्हा त्या पंधरवड्याची तुलना नवरात्राशी करायची नाही. गूगल एखाद्या दिवशी ठरलेल्या बजेटच्या दुप्पटही खर्च करतं आणि महिन्याच्या हिशेबात ते जुळवून घेतं, हेही पहिल्याच बैठकीत सांगतो. पूर्वी यावरून रात्री अकराला फोन यायचे.

एका बिल्डरला हे पटलं नाही. त्यांना महिन्याला अमुक इतक्या लीडची लेखी हमी हवी होती. ते गेले आणि त्या तिमाहीत मी पगार घेतला नाही. बायको म्हणाली, "जाऊ दे, तू झोपतोस तरी." बाकीचे ग्राहक टिकले. काकांनी तर वही कापडात बांधून गल्ल्याशेजारी ठेवली आहे.

गेलेली मुलगी परत आली नाही, आता पुण्यात नोकरी करते. तिच्या जागी आलेल्या मुलाला मी पहिल्या आठवड्यात लॅपटॉप उघडू दिला नाही. येवल्याला पाठवलं, काऊंटरवर बसायला.