उलट्या, काचा आणि सेनेका

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर सांगतो. रोमचा इतिहास शिकवतो असं कळलं की लग्नाच्या पंगतीत शेजारचा हमखास विचारतो, "काय हो, ते रोमन उलट्या करून पुन्हा जेवायला बसायचे म्हणे?" तेही मी मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावलेली असताना.

पूर्वी मी ताडकन "साफ खोटं" म्हणायचो. आता तसं म्हणवत नाही. जेवणघराला लागून ओकायची वेगळी खोली असायची, ही मात्र शुद्ध थाप. पण इ.स.पू. ४५ च्या डिसेंबरात ज्युलियस सीझर सिसेरो या रोमन वक्त्या-राजकारण्याकडे जेवायला आला, तेव्हाचं सिसेरोचं पत्र आहे. वांतीचं औषध चालू होतं, म्हणून पाहुण्यानं बिनधास्त खाल्लं-प्यालं, असं त्यात लिहिलंय. वैद्यांना तो उपाय मान्य होता. आणि रोमन तत्त्वज्ञ सेनेका तर लिहून गेलाय: खायला म्हणून ओकतात, ओकायला म्हणून खातात. सेनेका उपदेशक, चैन दिसली की त्याची लेखणी सुटायची, हे धरूनही सगळंच त्यानं मनानं रचलं असेल असं वाटत नाही.

तेव्हा काही श्रीमंत, कधीकधी, हो. झालं समाधान?

माझं होत नाही. श्रीमंत रोमनांचं जेवणघर म्हणजे तीन कोच, प्रत्येकावर तिघे, डाव्या कोपरावर रेललेले: तुमचं रोम या नऊ जणांत संपतं. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात दोन लाखांवर नागरिक सरकारी फुकट गव्हाच्या यादीत होते, महिन्याला माणशी तेहतीसेक किलो. ते काय खायचे, हे पंगतीत आजवर कुणी विचारलेलं नाही.

आणि खरं सांगू का, मीही लोकांना त्या नऊ जणांच्याच गोष्टी सांगत आलोय. एका तालुक्याच्या गावी व्याख्यानमालेत मी व्हेडियस पोलिओची गोष्ट सांगितली. गडगंज माणूस, तळ्यात वामीसारखे लांबट, दातेरी मासे पाळलेले. ऑगस्टस त्याच्याकडे जेवायला आलेला असताना एका गुलाम पोराच्या हातून स्फटिकाचा पेला फुटला. पोलिओ म्हणाला, टाका याला माशांपुढे. पोरगं ऑगस्टसच्या पायाशी पडलं. जीव वाचवा असंही म्हणालं नाही. मरण दुसरं कुठलंही द्या, माशांचं खाद्य करू नका, एवढंच. ऑगस्टसनं त्याला सोडायला लावलं, घरातली सगळी स्फटिकाची भांडी आपल्यासमोर फोडायला लावली आणि तळं बुजवायला सांगितलं. इथं टाळ्या येतात. तिथंही आल्या.

मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. पोळ्या लाटायला घरोघरी जातात, असं नंतर कळलं. म्हणाल्या, "सर, मग त्या काचा कुणी झाडल्या?"

सभागृह हसलं. मी म्हटलं, "सेनेकानं ते लिहिलेलं नाही." ही गोष्ट मी त्याच्याच लेखनातून सांगत होतो. "बरं," म्हणून त्या बसल्या. अध्यक्षांनी पुढचा प्रश्न घेतला. तो उलट्यांचा होता.

माझं उत्तर बरोबरच होतं. पोलिओच्या घरी कुणी झाडलं, खरंच कुठं लिहिलेलं नाही; त्या पोराचं नावसुद्धा नाही. पण त्याच सेनेकाचं एक पत्र आहे. मालक जेवतो तेव्हा गुलाम रात्रभर उपाशी, मुक्यानं उभे. खोकला, शिंक, उचकी, कशालाही फटके. एक थुंकी पुसतो, दुसरा कोचाखाली वाकून दारू चढलेल्यांनी टाकलेलं गोळा करतो. तुमच्या प्रश्नातली उलटी पुसणारा मला भेटतो तो इथं.

लगेच माझ्यातला जुना मास्तर हटकतो: अरे, हा सेनेका स्वतः गडगंज, गुलामांचा मालक. गुलामांशी माणसासारखं वागा, त्यांना पंगतीला घ्या, म्हणतो. गुलामी मोडा म्हणत नाही. खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. उलट्यांचं लिहिलं की त्याला अतिशयोक्त म्हणायचं आणि गुलामांचं लिहिलं की साक्षीदार मानायचं, हे मला अजून नीट जमलेलं नाही.