मावसभावासाठी रायफल निवडताना

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी मी बालेवाडीला सरावासाठी निघण्याच्या बेतात असताना कॅन्ससहून माझ्या मावसभावाचा फोन आला. तिकडे शनिवारची रात्र होती. सदाशिव पेठेत वाढलेला हा मुलगा आता पश्चिम कॅन्ससमधल्या एका लहानशा गावात डॉक्टर आहे, तेथील नागरिक आहे, आणि गावाबाहेर त्याने कुरणाची थोडी जमीन घेतली आहे. “दादा, मला एक रायफल घ्यायची आहे, पण फार महाग नको. तू इतकी वर्षे नेमबाजी करतोस, कोणती घेऊ ते तूच सांग,” असे तो म्हणाला, तेव्हा उत्तर देण्यापूर्वी मी त्याला आधी कारण विचारले.

कारण होते प्रेअरी डॉग. नावात कुत्रा असला तरी हा खारीच्या कुळातला, सुमारे किलोभर वजनाचा, जमिनीत बिळे करून वसाहतीने राहणारा प्राणी आहे. बिळाच्या तोंडाशी मागच्या पायांवर उभा राहून तो पहारा देतो आणि गुरांसाठी राखलेले गवत मुळापर्यंत कुरतडतो. पिकाला आणि कुरणाला त्रास देणाऱ्या अशा लहान प्राण्यांना अमेरिकेत ‘व्हार्मिंट’ म्हणतात आणि त्यांच्यासाठीच्या अचूक, हलक्या गोळीच्या रायफलीला व्हार्मिंट रायफल. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीचा एक कायदा कॅन्ससमध्ये अजून लागू आहे, ज्यानुसार जमीनमालकाने प्रेअरी डॉगचा बंदोबस्त केला नाही तर स्थानिक प्रशासन विष घालून तो करू शकते आणि खर्च मालकाकडून वसूल करू शकते. शेजाऱ्याने तक्रार केल्यामुळे माझ्या भावापुढे विष किंवा बंदूक असे दोनच मार्ग उरले होते. विषारी धान्य आणि बिळात सोडलेला वायू यांनी त्या बिळांच्या आश्रयाला आलेले इतर जीवही मरतात, म्हणून त्याला विष नको होते. मावशीला यातले काहीच रुचले नाही, आणि तिचे मन मोडून हे करताना त्याला जड जात होते, हेही मला माहीत आहे.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट येथेच स्पष्ट केली पाहिजे. वेल्ह्याकडे माझ्या मामांच्या भातखाचरांत रानडुकरे शिरतात, रात्रभरात उभे पीक लोळवतात, आणि मामांचा संताप मला पूर्ण समजतो. तरीही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे आणि उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या प्राण्याबाबतही कायद्यातली परवानगीची वाट वनखात्याकडूनच जाते. पुढे लिहिलेले सर्व काही कॅन्ससमधल्या परिस्थितीपुरते आहे, आणि तेथेही शिकारीच्या परवान्याचे आणि त्या राज्याचे इतर नियम पाहूनच पाऊल उचलायचे, हे मी भावाला पहिल्याच फोनवर बजावले.

रायफलीची निवड बहुतेक जण कंपनीच्या नावापासून सुरू करतात. माझ्या मते ती अंतरापासून सुरू व्हावी. भावाच्या जमिनीवर बिळांची वसाहत त्याच्या बसण्याच्या जागेपासून १०० ते ३०० यार्डांवर पसरली होती (यार्ड मीटरहून थोडा लहान असतो). स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ज्या ५० मीटर प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यातल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. तोच कोन ३०० यार्डांपर्यंत वाढवला तर सुमारे ५७ मिलिमीटरचे वर्तुळ मिळते, आणि उभ्या प्रेअरी डॉगच्या छातीची रुंदी त्याहून फार मोठी नसते. म्हणजे जी रायफल १०० यार्डांवर एका इंचाच्या आत गोळ्या बसवत नाही, ती येथे कामाची नाही, कारण अशा रायफलीने प्राणी मरत नाही, तो जखमी होऊन बिळात जातो. स्वस्त रायफल घेताना ही एक अट सैल करायची नाही, असे आमचे ठरले.

मग काडतुसाचा विचार आला. काडतुसांच्या नावातला आकडा म्हणजे गोळीचा इंचांतला अंदाजे व्यास. सर्वांत स्वस्त काडतूस .२२ लाँग रायफल. परंतु त्याची गोळी शंभर यार्डांपलीकडे वेगाने खाली पडू लागते, आणि शिसाची ती मंद गोळी कडक माळावर आपटून उसळते, ही मला त्याची मोठी उणीव वाटते. २००२ मध्ये आलेले .१७ एचएमआर फार नेटके काडतूस आहे, पण त्याची १७ ग्रेनची, म्हणजे जेमतेम १.१ ग्रॅमची गोळी वाऱ्यापुढे टिकत नाही. ताशी सोळा किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात ती दोनशे यार्डांवरच वीतभराहून अधिक सरकते, आणि पश्चिम कॅन्ससमध्ये वारा थांबत नाही. दुसऱ्या टोकाला .२२-२५० रेमिंग्टन आणि २००४ चे .२०४ रुगर आहेत. दोन्हींचा वेग मोहात पाडणारा आहे, पण काडतुसे महाग पडतात आणि .२२-२५० तर नळी लवकर तापवते आणि झिजवते. मी .२२३ रेमिंग्टन सुचवले. त्याची ५५ ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ९८५ मीटर वेगाने निघते, धक्का इतका थोडा असतो की बार झाल्यावर गोळी कोठे लागली हे दुर्बिणीतून स्वतःलाच दिसते, आणि लष्करी ५.५६ मिलिमीटर काडतुसाचे हे नागरी भावंड असल्यामुळे ते गावोगावच्या दुकानांत तुलनेने स्वस्त मिळते. ज्याला वर्षभर सराव करायचा आहे, त्याच्यासाठी काडतुसाची किंमत हीच रायफलीची खरी किंमत ठरते.

भावाचे बजेट दुर्बिणीसह एक हजार डॉलरचे होते. बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे प्रत्येक बारानंतर हाताने खटका ओढून नवे काडतूस भरायची रायफल, घ्यायची याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती; अर्धस्वयंचलित रायफलीपेक्षा ती कमी पैशांत अधिक अचूकता देते आणि प्रत्येक बारानंतर नेमबाजाला थांबून विचार करायला लावते. त्या पैशांत त्याच्यासमोर मुख्यतः सॅव्हेज अ‍ॅक्सिस आणि रुगर अमेरिकन या दोन होत्या. जपानची होवा १५०० आणि फिनलंडची टिक्का मला मनापासून आवडतात, पण टिक्का घेतली असती तर दुर्बिणीला पैसे उरले नसते. सॅव्हेजमध्ये नळी एका मोठ्या नटाने बसवतात. १९५८ च्या मॉडेल ११० पासून चालत आलेल्या या रचनेमुळे काडतूस नळीत नेमके किती खोल बसावे हे कमी खर्चात अचूक जुळवता येते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे स्वस्त सॅव्हेज इतकी नेमकी असण्याचे गुपित तेथेच आहे.

चापाबाबत मी हट्ट धरला. सुरुवातीच्या अ‍ॅक्सिसचा चाप जड होता. अ‍ॅक्सिस २ मध्ये कंपनीचा अ‍ॅक्युट्रिगर येतो, जो सुमारे अडीच पौंडांपर्यंत (साधारण १.१ किलो) हलका करता येतो. आमच्या एअर रायफलीच्या शंभर-दीडशे ग्रॅमच्या चापापुढे हे खूपच जड वाटेल, पण मैदानावरच्या रायफलीला ते योग्य आहे. खराब चाप ओढताना चांगला नेमबाजसुद्धा बंदूक हलवतो, आणि नवशिका तर आपलीच चूक समजून निराश होतो. पातळ नळी तीन-चार बारांत तापते आणि मारा भरकटू लागतो, म्हणून त्याला जाड नळीची आवृत्ती पाहायला सांगितले. तिचे वजन जास्त असते, परंतु एका जागी बसून, टेका देऊन मारायचे असल्यामुळे ते वजन उलट उपयोगी पडते. या दर्जाच्या रायफलींचा प्लास्टिकचा दस्ता मात्र पुढच्या बाजूला लवतो आणि नळीला टेकतो. नळी आणि दस्ता यांच्यातून कागदाची पट्टी अडखळल्याशिवाय सरकते का, हे दुकानातच पाहून घे, असे मी त्याला सांगितले होते, आणि त्याने व्हिडिओ कॉलवर ते मला करून दाखवले.

दुर्बिणीच्या बाबतीत मी माझ्याच अनुभवावरून बोलत होतो. वीस वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका दुकानातून मी स्प्रिंगची एअर रायफल घेतली आणि त्याच दुकानदाराच्या भरवशावर तिच्यावर स्वस्त दुर्बीण बसवली. स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का मागे आणि लगेच पुढेही बसतो, आणि तो सोसणारी दुर्बीण वेगळी असते, हे त्याने सांगितले नाही. दोन महिने मी रोज नेम बदलत राहिलो, स्वतःच्या श्वासाला आणि बोटाला दोष देत राहिलो, आणि शेवटी उघडून पाहिले तेव्हा आतली काच सैल झालेली आणि दुर्बीण धरून ठेवणाऱ्या कड्यांचे स्क्रू ढिले निघाले. ते दोन महिने मला अजून सलतात. म्हणून रायफलीबरोबर फुकट मिळणारी दुर्बीण घेऊ नकोस, एकूण पैशांचा तिसरा हिस्सा दुर्बिणीसाठी आणि तिच्या कड्यांसाठी ठेव, असे मी त्याला निक्षून सांगितले. ४ ते १२ पटींची, ४० मिलिमीटर काचेची, पॅरॅलॅक्स (डोळा जरा हलला की नेमाची खूण लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसणे) जुळवता येणारी दुर्बीण त्याला पुरेशी आहे. त्याहून मोठी पट घेतली तर दुपारच्या उन्हात तापलेल्या हवेच्या लाटाच अधिक दिसतात.

गोळी त्याने शिसेविरहित घ्यावी, असा माझा आग्रह होता. शिसाची पातळ कवचाची गोळी प्राण्यात शिरताच फुटते, तिचे बारीक कण त्यात राहतात, आणि माळावर पडलेले ते मांस गरुड आणि ससाणे खातात. काही कंपन्या तांब्याच्या भुकटीची तशीच ठिसूळ गोळी बनवतात. ती थोडी महाग असते, आणि ही महागाई सोसावी असे मला वाटते.

सप्टेंबरात त्याने अ‍ॅक्सिस २ घेतली. त्याआधी महिनाभर तो उधारीच्या .२२ वर गावच्या रेंजवर सराव करत होता. नव्या रायफलीच्या पहिल्या दहा बारांचे कागद त्याने मला पाठवले. १०० यार्डांवरच्या पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याने झाकता येतील एवढ्या जागेत होत्या, आणि तो कागद मी कोथरूडच्या घरी कपाटाच्या दाराला लावला आहे. कानांवर रक्षक घालूनही पहिल्या बाराला तो दचकला होता, हे त्याने आपणहून सांगितले.

त्यानंतरच्या फोनवर मी त्याला घुबडांविषयी विचारले. बिळात राहणारी एक लहान घुबडाची जात उन्हाळ्यात त्याच वसाहतींत घरटी करते, बिळाच्या तोंडाशी तशीच ताठ उभी राहते, आणि दुरून पाहणाऱ्याला प्रेअरी डॉगच वाटू शकते. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी करारावरील कायद्याने तिला संरक्षण आहे. त्याने कुंपणाच्या उत्तरेकडची दोन बिळे दुर्बिणीतून ओळखली होती, त्यांच्याभोवती केशरी फिती बांधल्या होत्या, आणि घुबडे दक्षिणेकडे निघून जाईपर्यंत त्या बाजूला रायफलीचे तोंड वळवायचे नाही असे ठरवले होते. मावशीला हे सांगू का, असे त्याने विचारले. मी म्हटले, तूच सांग.