मिस फरारचं माहेर

मी नगरची. मिस फरार या अमेरिकन मिशनरी बाईंच्या शाळेत सावित्रीबाई फुले शिकवण्याचं शिक्षण घ्यायला आल्या होत्या, हे आमच्याकडे लहानपणीच कानावर पडतं. पण ही मिस फरार कुठली, कुठल्या घरातली, हे मी पन्नाशी उलटेपर्यंत कुणाला विचारलं नव्हतं. मुलगी बॉस्टनला असते. या ऑक्टोबरात तिच्यामागे लकडाच लावला, मला मिस फरारच्या गावी, मार्लबरोला ने.

न्यू हॅम्पशायरमधलं हे लहानसं गाव बॉस्टनहून गाडीने दोनेक तासांवर. पण पानं लाल-पिवळी व्हायचे दिवस, त्यामुळे सगळं शहरच रस्त्यावर उतरलेलं. मोनॅडनॉक डोंगराच्या पायथ्याशी तर जत्रा! मुक्कामाची खोली मिळाली ती महाग आणि गारठलेली. शाल-स्वेटरसकट झोपले. या दिवसांत कुणी इथे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सिंथिया फरार या गावात १७९५ साली जन्मली. शिक्षिका झाली. ५ जून १८२७ ला बॉस्टनहून जहाजात बसली आणि डिसेंबर संपता संपता मुंबईला उतरली. बरोबर मिशनची जोडपी होती, ही मात्र एकटी, बिनलग्नाची. मुंबईत मुलींच्या शाळा चालवल्या, १८३९ पासून नगरला राहिली, आणि २५ जानेवारी १८६२ ला तिथेच वारली. म्हणजे माहेरच्या गावात तिची कबरही नाही.

गावच्या वाचनालयातल्या बाई फार अगत्याच्या. कोट काढायच्या आत त्यांनी माझ्यासाठी १८०० सालच्या जनगणनेची पानं संगणकावर उघडली. हाताने आखलेले रकाने, फिकट शाई. डावीकडे घरातल्या कर्त्याचं नाव, बहुतेक पुरुषाचंच. पुढे नुसते आकडे. पहिले पाच रकाने पुरुषांचे, वयाप्रमाणे. सहावा रकाना दहा वर्षांखालच्या मुलींचा. सिंथिया तेव्हा पाच वर्षांची. म्हणजे त्या सहाव्या रकान्यातल्या कुठल्या तरी आकड्यात ती होती. फरार आडनावावर मी बोट ठेवलं आणि ते तसंच राहिलं.

बाईंनी पुढचं सांगितलं ते ऐकून तर मला गलबलून आलं. घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहायला अमेरिकेने १८५० साली सुरुवात केली, तीही गुलामांना वगळून. तोवर सिंथिया नगरला मुलींना मुळाक्षरं गिरवायला लावत होती. आपल्याकडची पहिली जनगणना १८७२ ची, तेव्हा तिला जाऊन दहा वर्षं झालेली. म्हणजे एका देशात ती फक्त आकडा होती आणि दुसऱ्या देशात मोजणी सुरू व्हायच्या आधीच गेली. मिशनने कागद जपले म्हणून निदान तिचं नाव तरी उरलं. तिच्याबरोबर त्या रकान्यात असलेल्या, गावातच राहिलेल्या बाकीच्या मुलींचं काय?

दुसऱ्या दिवशी केंब्रिजला हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत गेलो, तिला पाठवणाऱ्या मिशनची, म्हणजे अमेरिकन बोर्डाची, कागदपत्रं तिथे आहेत. आत फक्त पेन्सिल चालते. त्या दिवसाबद्दल कधीतरी वेगळं लिहीन, कारण माझं मन अजून सहाव्या रकान्यातच होतं.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे, जाडजूड. त्यात पणजोबांच्या खाली चार मुलगे, त्यांची शिक्षणं, नोकऱ्या, बदल्यांची गावंसुद्धा. आणि शेवटी, ‘कन्या २’. लहानपणापासून ते पान पाहतेय, कधी डोळ्यांना खुपलं नाही.

त्या रात्री नगरला आत्याला फोन लावला. तिकडे सकाळ, तिचा चहा चाललेला. नव्वदीची आहे, पण आवाज खणखणीत. विचारलं, ‘‘आत्या, तुझ्या आत्यांची नावं काय गं?’’

‘‘आज काय अचानक? मोठी ठकू, धाकटी बायजा. बायजा पहिल्या बाळंतपणात गेली, म्हणून तिचं नाव कुणी काढत नसत. लिहून घेतेयस का?’’

घेत होते. हॉटनमधून आणलेली पेन्सिल हातातच होती.