कोटाची बटणं

"पहिला म्युझिक व्हिडिओ कोणता हो?" जुन्या गाण्यांच्या फिल्म्स मी जमवतो हे कळलं की हा प्रश्न येतोच, आणि मी चहाचं विचारून विषय बदलतो. याला तुम्ही आखडूपणा म्हणता. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगतो.

पूर्वी मी ताडकन सांगायचो: साउंडीज! म्हणजे एकेका गाण्याच्या छोट्या फिल्म्स. त्या दाखवणारं पॅनोरम नावाचं कपाटाएवढं यंत्र अमेरिकेत १९४० पासून बार-हॉटेलांत उभं असायचं. दहा सेंट टाका, तीन मिनिटं जॅझवाला फॅट्स वॉलर बघा. एमटीव्ही आली १९८१ला. संपला वाद.

मग एका फिल्म मंडळात मी साउंडीज दाखवल्या. ट्रम्पेटवाला डाव्या हाताने कळा दाबत होता. मी डावखुऱ्या वादकांवर दहा मिनिटं झोडलं. मागून एक म्हातारे गृहस्थ उठले. म्हणाले, "मी टेलर होतो. पुरुषांच्या कोटाची बटणं उजवीकडे असतात. यांची डावीकडे आहेत, बायकांच्या कोटासारखी. अख्ख्या बँडची?"

मी म्हणालो, "त्या काळची फॅशन असेल, काका." लोक हसले. ते गुपचूप बसले.

फॅशन कसली! पॅनोरममध्ये चित्र आरशांवरून पडद्यावर जायचं, म्हणून प्रिंटच डावी-उजवी उलटी काढत. माझ्याकडची कॉपी तशाच प्रिंटवरून उतरवलेली. आणि हे आरशांचं मी वाचलेलं होतं, हो. वाचलेलं असूनही समोरचे कोट मला दिसले नाहीत. ते काका पुन्हा मंडळात आले नाहीत. त्यांचं नावही मी विचारलं नव्हतं.

त्यानंतर 'पहिला' म्हणताना जीभ अडखळते. साउंडीज म्हणावं, तर एका रिळावर आठ गाणी आणि पुढे जे येईल ते बघायचं, निवड नाहीच. (एमटीव्हीवर तरी कुठे होती, असं माझ्यातला जुना शहाणा लगेच म्हणतो.) ब्लूज गायिका बेसी स्मिथची १९२९ची फिल्म म्हणावी, तर ती सोळा मिनिटांची गोष्टच आहे. १९४४ची 'जॅमिन द ब्लूज' मला सगळ्यांत जवळची, नुसता धूर, उजेड आणि लेस्टर यंगचा सॅक्सोफोन. पण ती थिएटरसाठी केलेली. शिवाय तिच्यात बार्नी केसेल हा एकटा गोरा वादक मुद्दाम सावलीत ठेवलाय, आणि तेही मला कुणीतरी सांगितल्यावरच दिसलं.

तेव्हा चहा घेणार का?