रिटर्न भरून झालं की नांदूर मधमेश्वर

मी टॅक्स कन्सल्टंटकडे कामाला आहे, म्हणजे जीएसटी रिटर्न भरायची महिन्याची 11 आणि 20 तारीख आमच्या मानगुटीवर बसलेलीच, त्यात क्लायंट लोक शेवटच्या रात्री बिलं पाठवणार आणि वर विचारणार, मॅडम झालं का? मान आखडते, डोळे चुरचुरतात, झोपेतसुद्धा आयटीसी (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) जुळत नसतो.

अशा वेळी सगळे म्हणतात आराम कर. मला तो आराम काही मानवत नाही बाबा. सोफ्यावर पडलं की डोक्यात तेच आकडे, मोबाईल घेतला तर अंगठा चालतो आणि डोकं तिथंच अडकलेलं. डोक्याला दुसरं काम लावून द्यावं लागतं, पण असं की ज्याचा हिशोब कुणी मागणार नाही.

माझं ते काम म्हणजे पक्षी बघणं. आई म्हणते, गॅलरीत कबुतरं काय कमी आहेत का! पण हिवाळ्यात पहाटे सायखेड्यावरून नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जायचं, निफाडच्या थंडीत दात वाजवत टॉवरवर चढायचं, ते वेगळंच. गोदावरी आणि कादवाच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला, वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, लव्हाळं माजलं आणि पक्ष्यांची चंगळ झाली. 2020 मध्ये राज्यातली पहिली रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली ती हीच.

मागच्या वेळी एक जांभळी पाणकोंबडी अगदी काठाला होती. तिने एक देठ चोचीने उपटला, मग एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायाच्या लांब बोटांत तो देठ आपण ऊस धरतो तसा धरला आणि सोलून सोलून आतला गर खाल्ला, साल टाकून दिली, परत दुसरा देठ. दुर्बिणीतून बघताना हात स्थिर ठेवावे लागतात, श्वास आपोआप हळू होतो, आणि तेवढा वेळ जीएसटी नावाची गोष्ट जगात नसते. पलीकडे वारकरी पक्षी पाण्यावरून पळत पळत उडत होते, त्यांच्याकडे बघायला पण सवड नव्हती मला.

काही जण मात्र तिथंही टार्गेट घेऊन येतात, आज एवढ्या प्रजाती झाल्याच पाहिजेत, नवीन काही दिसलं नाही की तोंड पाडून बसतात, अरे मग ऑफिस काय वाईट होतं! मोठ्या लेन्सवाल्यांचं तर बोलायलाच नको, निम्मा वेळ स्क्रीनवर फोटो झूम करण्यातच जातो. मी यादी करत नाही, नाव आठवलं नाही तर चापडगावचे गाईड दादा सांगतात, पुढच्या वेळी परत विचारते, ते परत सांगतात.

येत्या 20 नंतरच्या रविवारी जाणार आहे. गाडीत दोन जागा आहेत, येणाऱ्याने स्वेटर आणावा, भडक कपडे नकोत, येताना मिसळ खाऊ, आणि रिटर्नबद्दल काही विचारायचं असेल तर सोमवारी ऑफिसला फोन करा.