नाचणारा घोडा आणि चांदीची सुरई

काल रात्री परत त्या चीनमधल्या तांग घराण्याच्या काळातल्या चांदीच्या सुरईचे फोटो झूम करून बघत बसले. १९७० मध्ये शिआनजवळ हेजियात्सुनला खोदताना मडक्यांत भरून पुरलेला खजिना सापडला, हजारावर वस्तू, त्यातलीच ही. आकार भटक्या घोडेस्वारांच्या चामडी पखालीसारखा, खाली शिवण असावी तशी रेघसुद्धा आहे, झाकण उलट्या कमळाचं आणि ते हरवू नये म्हणून बारीक साखळी! दोन्ही बाजूंना ठोकून उठवलेला सोनेरी मुलामा दिलेला घोडा, मागचे पाय दुमडून बसलेला, तोंडात पेला, गळ्यात रिबन.

हा घोडा काल्पनिक नाही बरं का. सम्राट श्वानझोंगच्या वाढदिवसाला असे घोडे खरंच नाचायचे. मग ७५५ मध्ये आन लुशान नावाच्या सरदाराचं बंड झालं, त्या धामधुमीत यातले काही घोडे दुसऱ्या एका सेनापतीच्या तबेल्यात गेले, तिथे बँड वाजला की बिचारे नाचायला लागायचे, लोकांना वाटलं भुताटकी आहे आणि त्यांना मरेपर्यंत झोडपलं. हे वाचल्यापासून त्या पेल्याकडे बघवत नाही मला, तरी बघतेच.

त्याच खजिन्यात साडेचार सेंटीमीटरचा जाळीदार धूपगोळा आहे, आत कड्यांत वाटी अशी अडकवलेली की गोळा कसाही फिरवा, राख सांडत नाही.